‘हाँगकाँग ९७’ कायदेशीरपणे विकायचा तर : एका बदनाम गेमचा प्रकरण अभ्यास

‘हाँगकाँग ९७’ हा १९९५ सालचा, निन्टेंडोच्या सुपर फॅमिकॉम या घरगुती गेमयंत्रावरचा (कन्सोलवरचा) गेम. निन्टेंडोचा परवाना नाही, दुकानात विक्री नाही. ‘हॅपीसॉफ्ट’ या नावाखाली तो टपालाने विकला गेला, तोही फ्लॉपीवर. म्हणजे ज्यांच्याकडे कार्ट्रिजची (कन्सोलमध्ये खोचायच्या गेमच्या डबीची) नक्कल करणारं मॅजिकॉमसारखं यंत्र होतं, त्यांनाच तो खेळता आला. कर्ता कौलून कुरोसावा या टोपणनावाने लिहिणारा जपानी लेखक. गेम उद्योगाची टर उडवणारा, मुद्दाम गचाळ गेम बनवायचा हा त्याचा हेतू होता, आणि तो त्याने सहीसही साधला. १९९७ मध्ये हाँगकाँग ब्रिटनकडून चीनकडे गेल्यावर चीनमधून माणसांचे लोंढे येतात, हाँगकाँग सरकार ‘चिन’ नावाच्या माणसाला सुपारी देतं आणि त्याने १.२ अब्ज माणसं मारायची, एवढीच कथा. चिनच्या जागी जॅकी चॅनचा फोटो, शेवटचा शत्रू म्हणजे चिनी नेता डेंग शियाओपिंगचं भलंमोठं डोकं, मागे ‘आय लव्ह बीजिंग तियानानमेन’ या बालगीताच्या पहिल्या दोन ओळी अखंड चालू, आणि हरलात की पडद्यावर खऱ्या माणसाच्या मृतदेहाचं चित्र.

आता प्रकरण असं धरू. एका छोट्या प्रकाशकाला हा गेम रीतसर विकायचा आहे : स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानावर डिजिटल आवृत्ती आणि सोबत ५०० कार्ट्रिज, डबा व पुस्तिकेसह. कर्ता सही करायला तयार आहे. अशा वेळी पहिला प्रश्न पैशाचा नसतो. त्या सहीने नेमकं काय हातात येतं, हे आधी बघावं लागतं.

हातात फार थोडं येतं. ज्या गोष्टींनी हा गेम बदनाम झाला, त्या जवळजवळ सगळ्या दुसऱ्यांच्या आहेत. कर्त्याच्या मालकीचा आहे तो सांगाडा : कोड, नियम, मजकूर, मांडणी. आगाऊ रकमेचा आकडा ठरवताना हे विसरलं की पुढचा सगळा हिशेब कोसळतो. वाईट गेम कायदेशीरपणे परत येतच नाहीत असं मात्र नाही. १९९४ सालचा विनापरवाना ‘सुपर थ्रीडी नोहाज आर्क’ २०१४ मध्ये पुन्हा कार्ट्रिजवर आला. ‘प्लंबर्स डोन्ट वेअर टाइज’सारखा सगळ्यांनी हसण्यावारी नेलेला गेमही २०२४ मध्ये नव्या आवृत्तीत विकला गेला. तिथे चित्रं बनवणाऱ्यांनी स्वतः काढलेली होती, त्यामुळे हक्कांची साखळी शोधून जोडता आली. दर्जा आड येत नाही, साखळी येते.

सहीचा कागद

कुरोसावाला प्रोग्रॅमिंग येत नव्हतं. कोड लिहून दिला तो एका गेम कंपनीत नोकरी करणाऱ्या ओळखीच्या माणसाने, दोनेक दिवसांत. इथेच पहिली गाठ आहे. जपानच्या कॉपीराइट कायद्याचं कलम १५ सांगतं की मालकाच्या पुढाकाराने, नोकरीचं काम म्हणून लिहिलेल्या प्रोग्रॅमचा लेखक कंपनीच मानली जाते. सुट्टीच्या दिवशी मित्रासाठी केलेलं काम त्यात बसत नाही, पण हे त्या प्रोग्रॅमरने लेखी म्हटलेलं हवं : कंपनीच्या कामाचा भाग नव्हता, कंपनीचं यंत्र वा कोड वापरला नाही, आणि असलेला हक्क सोडून देतो. दोन सह्या लागतील. एकीवर भागवू म्हणणारा वकील बदलावा.

हस्तांतराच्या कागदात ‘सर्व हक्क’ एवढंच लिहून जपानमध्ये चालत नाही. कलम ६१च्या दुसऱ्या उपकलमानुसार कलम २७चा रूपांतराचा हक्क आणि कलम २८चा रूपांतरित कृतीवरचा हक्क यांचा वेगळा उल्लेख नसेल, तर ते मूळ मालकाने राखून ठेवले असं गृहीत धरलं जातं. या प्रकरणात चित्रं आणि गाणं बदलणं अटळ असल्याने ‘कलम २७ व २८ मधील हक्कांसह’ हे शब्द नसलेला करार म्हणजे फक्त जशीच्या तशी प्रत विकायची परवानगी. आणि जशीच्या तशी प्रत विकणं हीच तर इथे अशक्य गोष्ट आहे.

त्यानंतर नैतिक हक्क. कलम ५९प्रमाणे ते विकता येत नाहीत. कृती अखंड ठेवण्याचा कलम २०चा हक्क मरेपर्यंत लेखकाकडेच राहतो. जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली ‘तोकिमेकी मेमोरियल’ या गेमच्या प्रकरणात, त्यातले आकडे फिरवून कथा भलतीकडे नेणाऱ्या मेमरी कार्डालासुद्धा या हक्काचा भंग ठरवलं. म्हणून करारात ‘हे हक्क बजावणार नाही’ असं कलम आणि त्याला जोडून बदलांची यादी लागते, पडद्यागणिक, चित्रांसकट. ‘आवश्यक ते बदल’ हा मोघम शब्दप्रयोग भांडणाला आमंत्रण देतो.

करारावर टोपणनाव चालत नाही. खरं नाव, ओळखपत्राची प्रत, आणि ते गुप्त ठेवण्याची हमी अशी तीन पानं वेगळी करावीत.

प्रकाशक पुण्याचा किंवा पणजीचा असेल आणि करार भारतीय कायद्याखाली होणार असेल, तर १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ आडवं येतं. मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत, आणि मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर तो गळून पडतो, करारात उलट लिहिलं नसेल तर. पाच वर्षं आणि फक्त भारत! सुपर फॅमिकॉमचं कार्ट्रिज विकायला याहून निरुपयोगी परवाना शोधून सापडणार नाही. म्हणून ‘जगभर, संपूर्ण मुदतीसाठी, कलम १९(४) लागू नाही’ हे स्पष्ट लिहावं. जपानला जाणाऱ्या रॉयल्टीवर दोन देशांच्या करारानुसार १० टक्के कर कापता येतो, पण समोरच्याकडून जपानचं टॅक्स रेसिडेन्सी सर्टिफिकेट आधी हातात हवं. पैसे पाठवायच्या दिवशी ते मागितलं की व्यवहार अडकतो.

पडद्यावर दुसऱ्यांचं काय काय आहे

जॅकी चॅनचा फोटो दोन वेगळे हक्क ओढून आणतो : फोटो काढणाऱ्याचा कॉपीराइट आणि चेहऱ्याच्या प्रसिद्धीचा हक्क. जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने २ फेब्रुवारी २०१२च्या ‘पिंक लेडी’ निकालात कसोटी घालून दिली. चेहरा हीच विकायची वस्तू असेल, मालाची वेगळी ओळख म्हणून चेहरा लावला असेल, किंवा जाहिरातीसाठी वापरला असेल, तर भंग. खेळाडू ज्याला सतत चालवतो आणि जो डब्यावर छापायचा मोह होणार, तो नायक या कसोटीत अडकतोच. कॅलिफोर्नियात जिवंत माणसाच्या याच हक्कासाठी कलम ३३४४ आहे. परवानगी मागून बघण्यात वेळ घालवू नये. हा चेहरा जाणारच. त्या जागी जॅकीशी साम्य नसलेला रेखाटलेला माणूस येईल. कथेत चिन हा ब्रूस लीचा नातेवाईक असल्याचं वाक्य आहे. मजकुरातला तेवढा उल्लेख तुलनेने सौम्य, पण तो डब्यावर किंवा जाहिरातीत गेला की प्रकरण बदलतं.

डेंगचं तसं नाही. राजकीय नेत्याची खिल्ली उडवण्याला अमेरिका-जपानमध्ये चांगलं संरक्षण आहे. अडचण छायाचित्राची आहे, चेहऱ्याची नाही. नवं व्यंगचित्र काढून घेतलं की तो पेच सुटतो आणि विनोदही टिकतो.

मृतदेहाचं चित्र काढून टाकावं. इथे परवाना, किंमत, वाटाघाटी असलं काही करू नये. ते एका खऱ्या माणसाचं शव आहे, त्याच्या नातेवाइकांनी होकार दिल्याचं कुठे दिसत नाही, आणि ते विकून पैसे कमावणं कायद्याच्या आधी माणुसकीलाच धरून नाही. काळा पडदा आणि त्यावर ‘चिन इज डेड’ ही अक्षरं पुरेशी आहेत.

पार्श्वभूमीला माओकाळातली प्रचारचित्रं, कोका-कोलाचं चिनी बोधचिन्ह आणि हाँगकाँगच्या एशिया टेलिव्हिजन वाहिनीचं बोधचिन्ह येतं. ही वाहिनी एप्रिल २०१६ मध्ये बंद पडली म्हणून तिचं चिन्ह बेवारस झालं असं समजणारे बरेच भेटतात. कंपनी बुडाली तरी तिची बौद्धिक संपदा कोणाच्या तरी वहीत चढलेली असते. काढा आणि मोकळे व्हा.

चित्रं बदलणं तांत्रिकदृष्ट्या फार अवघड नाही, फक्त माप पाळावं लागतं. या यंत्रात चित्र छोट्या चौकटींनी, म्हणजे टाइलनी बनतं. ४ बिट रंगांत ८×८ पिक्सेलची एक टाइल ३२ बाइटची. ३२×३२च्या स्प्राइटला (पडद्यावर हलणाऱ्या आकृतीला) १६ टाइल, म्हणजे ५१२ बाइट. २५६×२२४चा पूर्ण पडदा म्हणजे ८९६ टाइल, २८,६७२ बाइट. नवं चित्र तेवढ्याच टाइलमध्ये आणि तेवढ्याच रंगांत बसवलं, तर कोडला हात लावावा लागत नाही. स्प्राइटच्या प्रत्येक पॅलेटमध्ये (रंगसंचात) १५ रंग आणि सोळावा पारदर्शक. तो पारदर्शक चुकून चेहऱ्यात वापरला की चिनच्या गालाला भोक पडतं आणि त्यातून मागचा माओ दिसतो.

गाणं

सगळ्यात महाग आणि सगळ्यात चिवट भाग हाच. हे गीत १९७०च्या सुमारास शांघायमध्ये तयार झालं : शब्द एका शाळकरी मुलाचे, चाल कारखान्यात उमेदवारी करणाऱ्या तरुण कामगाराची. इतक्या लहान वयात लिहिल्यामुळे कॉपीराइट संपायला अजून बराच अवकाश आहे, कारण चीनमध्ये मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षांची असते. ‘दोनच ओळी आहेत’ हा बचाव टिकत नाही. गेममध्ये त्या दोन ओळी म्हणजेच संपूर्ण संगीत आहे.

शिवाय कुरोसावाने ते हाँगकाँगच्या शांघाय स्ट्रीटवर घेतलेल्या जुन्या लेसरडिस्कवरून उचललं. म्हणजे गीताचा हक्क एकीकडे आणि त्या ध्वनिमुद्रणाचा हक्क दुसरीकडे. मुद्रणाचा मालक शोधत बसण्यापेक्षा मुलांच्या आवाजात नवं मुद्रण करून घेणं स्वस्त पडतं. तेव्हा फक्त गीताची परवानगी उरते. ती चीनच्या संगीत कॉपीराइट संस्थेमार्फत, आणि जपानमध्ये विक्री असेल तर जास्राक या तिथल्या संगीत-हक्क संस्थेच्या गेमसाठीच्या शुल्कानुसार. अर्जात गेमचं नाव, कथा आणि प्रसंग लिहावा लागतो. चिनी लेखकांकडे हा अर्ज पोचला की काय उत्तर येईल, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा. खोटा सारांश लिहून परवानगी काढली तर ती पुढे रद्द होऊ शकते, आणि तोवर कार्ट्रिज छापून झालेली असतात.

म्हणून पहिल्या दिवसापासून दुसरी चाल तयार ठेवावी : त्याच धाटणीची, त्याच लांबीची, पण संपूर्ण नवी. मूळ धून ओळखू येईल इतकी जवळ नको.

नवा तुकडा बसवताना यंत्राची मर्यादा कळते. सुपर फॅमिकॉमच्या ध्वनी प्रोसेसरकडे ६४ किलोबाइट मेमरी असते आणि आवाज बीआरआर पद्धतीने दाबलेला असतो : आवाजाच्या १६ सॅम्पलचा (नमुन्यांचा) एक ब्लॉक ९ बाइटमध्ये. ८ किलोहर्ट्झला अख्खी मेमरी भरली तरी साडेचौदा सेकंदांच्या आसपासच आवाज मावतो, आणि त्यातही आवाज वाजवणाऱ्या चालक प्रोग्रॅमला जागा द्यावी लागते. दोनच ओळी का, याचं अर्धं उत्तर इथे आहे. पुनरावृत्तीचा बिंदू १६ सॅम्पलच्या सीमेवरच पडला पाहिजे, नाहीतर प्रत्येक फेरीला ‘टक्’ ऐकू येतं. त्या बिंदूवरचा पहिला ब्लॉक फिल्टर शून्य या दाबण्याच्या पद्धतीने दाबावा. इतर फिल्टर मागच्या सॅम्पलवर अवलंबून असतात, आणि उडी मारून परत येताना मागचे सॅम्पल वेगळे असतात. लांबी १६च्या पटीत बसत नसेल तर गाण्याचा वेग किंचित बदलावा, शेपटी कापू नये.

नकली प्रती आणि खरे हक्क

या गेमची नकली कार्ट्रिज आजही खुलेआम विकली जातात. हक्क घेतले की नोटिसा पाठवून बाजार साफ करू, असा प्रकाशकाचा बेत असतो. तो अर्धाच चालतो. अमेरिकी कायद्याच्या कलम १०३(अ)नुसार दुसऱ्याची सामग्री बेकायदा वापरलेल्या भागाला संरक्षणच मिळत नाही. म्हणजे १९९५च्या रूपातल्या गेमवर तुमचा दावा कोड आणि मजकुरापुरता. नव्या आवृत्तीची चित्रं, आवाज, पुस्तिका यांवरचा दावा मात्र भक्कम, आणि तिथेच नकलांना अडवता येतं. परदेशी कृतीला अमेरिकेत खटल्यापूर्वी नोंदणी सक्तीची नाही, पण कायद्याने ठरलेली नुकसानभरपाई हवी तर नोंदणी वेळेत केलेली लागते. नवी आवृत्ती विक्रीला आल्यापासून ३ महिन्यांच्या आत नोंदवावी.

स्टीमची आवृत्ती

डिजिटल आवृत्ती म्हणजे रॉम (गेमची फाइल) आणि इम्युलेटर (संगणकावर कन्सोलची नक्कल करणारा प्रोग्रॅम) एकत्र. इथे सगळ्यात जास्त घसरगुंडी होते. स्नेस९एक्स हा इम्युलेटर सगळ्यांच्या ओळखीचा, म्हणून तो टाकला जातो. पण त्याचा परवाना व्यावसायिक वापराला मनाई करतो. बीएसनेस हा दुसरा इम्युलेटर जीपीएल ३ या खुल्या परवान्याखाली आहे, विकता येतो, मात्र त्याचा सोर्स कोड, केलेल्या बदलांसकट, ग्राहकाला द्यावा लागतो. तिसऱ्या, एरेसचा परवाना आयएससी, म्हणजे श्रेय द्या आणि वापरा. अशा कामाला तोच सोयीचा. ध्वनी प्रोसेसरच्या आतली ६४ बाइटची सुरुवातीची रॉम निन्टेंडोची आहे. ती न घालता तेवढंच काम करणारा स्वतःचा तुकडा लिहिता येतो, एका संध्याकाळचं काम आहे.

रॉमची प्रतही तपासून घ्यावी. फ्लॉपीवरून आलेल्या फाइलला बहुधा ५१२ बाइटचं नक्कलयंत्राचं शीर्षक (सुरुवातीचा माहितीचा तुकडा, हेडर) चिकटलेलं असतं. फाइलच्या आकाराला १०२४ने भागून ५१२ उरले की ते आहे असं समजावं आणि कापून टाकावं. ते तसंच चिपवर गेलं तर सगळे पत्ते ५१२ने सरकतात, रिसेट व्हेक्टर, म्हणजे गेम कुठून सुरू करायचा ते सांगणारा पत्ता, भलतीकडे बोट दाखवतो आणि पडदा काळा राहतो. बदल संपल्यावर अंतर्गत शीर्षकही नीट भरावं : एफएफसी० या पत्त्यापासून २१ बाइटचं नाव, एफएफडी५ ला मेमरीची रचना, एफएफडीसी व एफएफडीई ला अनुक्रमे चेकसमचा पूरक आकडा आणि चेकसम (फाइल पडताळायची बेरीज), दोन्हींची बेरीज एफएफएफएफ. घरगुती गेममध्ये इथे कचरा असू शकतो. इम्युलेटर मग अंदाजाने रचना ठरवतात, आणि एखादा चुकतो.

कार्ट्रिज

परवानगी नसलेलं कार्ट्रिज कन्सोलने नाकारावं म्हणून निन्टेंडोने कुलूप-चिप घातली होती. तिचा प्रश्न आता पेटंटचा उरलेला नाही, ती पेटंटं संपली. कार्ट्रिजमधल्या मूळ डी४११ चावी-चिपची जागा घेणारी, पीआयसी १२एफ६२९ या छोट्या चिपवर चालणारी सुपरसीआयसी चावी वापरतात. १९९२ मध्ये अमेरिकी अपील न्यायालयाने अटारीविरुद्ध निन्टेंडोच्या बाजूने निकाल दिला, कारण कुलपाचा कोड खोटं सांगून कॉपीराइट ऑफिसातून मिळवला होता. त्याच वर्षी सेगाविरुद्ध अ‍ॅकोलेड ही गेम कंपनी जिंकली, कारण तिने विकत घेतलेल्या मालाचंच पृथक्करण करून माहिती काढली. मार्ग अ‍ॅकोलेडचा धरायचा, आणि तो कसा धरला याच्या तारखांसह नोंदी ठेवायच्या. ट्रेडमार्क मात्र जिवंत आहेत. डब्यावर ‘सुपर फॅमिकॉमवर चालतो’ हे साध्या अक्षरांत लिहावं; बोधचिन्ह, चार रंगांचं चिन्ह, दर्जाची मोहोर यांतलं काही नको. छपाईपूर्वी गेमचं आणि ‘हॅपीसॉफ्ट’चं नाव जे-प्लॅटपॅट या जपानच्या ट्रेडमार्क-शोध संकेतस्थळावर वर्ग ९ (सॉफ्टवेअर) आणि ४१ (करमणूक) मध्ये शोधून घ्यावं, फुकट आहे.

बोर्ड १.२ मिलिमीटर जाडीचा, कडा तिरकी घासलेली, संपर्कांवर सोनं. कथिलाचा मुलामा दिलेला स्वस्त बोर्ड कन्सोलच्या पिनांना चिकटून त्या खराब करतो. सगळ्यात नेहमीची चूक व्होल्टेजची : कन्सोल ५ व्होल्टचा आणि गेम साठवणारी २९एलव्ही जातीची नवी फ्लॅश चिप ३.३ व्होल्टची. थेट जोडली तरी गेम चालतो, म्हणून चाचणीत चूक दिसत नाही; पण चिपच्या मर्यादेबाहेरचा व्होल्टेज तिच्या पिनांवर सतत येत राहतो आणि कन्सोलवरही ताण पडतो. रेग्युलेटर आणि ७४एएलव्हीसी१६४२४५सारखा लेव्हल ट्रान्सलेटर (दोन व्होल्टेजमधले संकेत जुळवणारी चिप) लागतोच. ५ व्होल्टच्या जुन्या चिपा घेतल्या तर त्या बहुधा भंगारातून उपसलेल्या असतात, एखादी महिन्याभरात विसरते. गेममध्ये सेव्ह नाही, त्यामुळे बॅटरीचा खर्च वाचतो. युरोपच्या कन्सोलवर ५० हर्ट्झमुळे शत्रू सुमारे १७ टक्के हळू येतील, गाणं मात्र त्याच वेगाने चालेल, कारण ध्वनीचं घड्याळ वेगळं. तक्रारी येतील, पुस्तिकेत आधीच लिहून टाकावं.

कुठे विकायचा, आणि पैसे

मुख्य भूमीवरच्या चीनमध्ये मंजुरी मिळण्याचा प्रश्नच नाही. हाँगकाँगमध्ये २०२० पासून राष्ट्रीय सुरक्षा कायदा आहे, आणि जून २०२५ मध्ये तिथल्या पोलिसांनी ‘रिव्हर्स्ड फ्रंट : बॉनफायर’ हा तैवानी गेम डाउनलोड करणंसुद्धा गुन्हा ठरू शकतं असं जाहीर केलं. तिथे डिजिटल विक्री बंद ठेवावी, पार्सल पाठवू नये. ग्राहकाला अडकवण्यात अर्थ नाही.

एका दुकानावर सगळा भार टाकू नये, याचं उदाहरण रेड कँडल या तैवानी कंपनीचा ‘डिव्होशन’ हा गेम. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्यात शी जिनपिंगची टिंगल करणारा एक छोटा तपशील सापडला आणि गेम स्टीमवरून गेला. डिसेंबर २०२० मध्ये जीओजी या दुसऱ्या ऑनलाइन दुकानाने आणायची घोषणा केली आणि त्याच दिवशी मागे घेतली. अखेर मार्च २०२१ मध्ये रेड कँडलने तो स्वतःच्या संकेतस्थळावरून विकायला काढला. तिथे एक तपशील होता. इथे अख्खा गेमच तो तपशील आहे. स्वतःचं विक्रीपान आणि स्वतंत्र पेमेंट व्यवस्था पहिल्याच दिवशी तयार हवी. स्टीमच्या आशयपत्रात (गेममध्ये काय आहे ते सांगायच्या अर्जात) हिंसा आणि वांशिक द्वेषाचा मजकूर सरळ लिहावा. गेममधला तो मजकूर गुपचूप मऊ करू नये; पुस्तिकेत १९८९चं तियानानमेन आणि १९९७ची धास्ती समजावून द्यावी, आणि हा विनोद सामान्य माणसांवर उलटतो हेही स्पष्ट म्हणावं.

हिशेब असा मांडून बघा. ५ डॉलरला १,००० प्रती गेल्या तर ५,००० डॉलर. स्टीमचे ३० टक्के जाऊन ३,५००, त्यातून परतावे आणि कर वजा. स्टीमला सुरुवातीला भरलेले १०० डॉलर विक्री १,००० डॉलरच्या वर गेल्यावर परत मिळतात. दोन देशांतल्या वकिलांचं बिल यातून निघेल असं समजणं भाबडेपणा. नफा असेल तर तो डबा, पुस्तिका आणि कर्त्याच्या सविस्तर मुलाखतीत. म्हणून कर्त्याला आगाऊ रक्कम छोटी आणि प्रत्येक डब्यामागे रॉयल्टी चांगली ठेवावी. रक्कम तीन टप्प्यांत द्यावी : दोन्ही सह्या झाल्यावर, बदलांची यादी मान्य झाल्यावर, आणि गाण्याचा निकाल लागल्यावर. सहा महिन्यांत गीताची परवानगीही नाही आणि नवी चालही कर्त्याला पसंत नाही अशी वेळ आली, तर करार आपोआप संपेल, दिलेले दोन टप्पे कर्त्याकडे राहतील आणि कोड त्याला परत जाईल, हे कलम घालूनच सही करावी. बोर्डांची ऑर्डर तिसऱ्या टप्प्याआधी देऊ नये.